स्टीलच्या रोड बाइकला एमआयडीसीतलं पावडर कोटिंग: कुठल्या फ्रेमला द्यावं, काय सांगून घ्यावं

कपाटं, गेट, ग्रिल आणि कूलरच्या बॉड्या पावडर कोटिंगच्या (विद्युतभाराने कोरडी रंगाची पावडर चिकटवून ती तापवून वितळवतात) ज्या भट्टीतून निघतात, तिथे कस्टम स्टीलची रोड फ्रेम द्यावी का? जळगाव-भुसावळ-धुळ्याकडे फ्रेमचा रंग बदलायचा म्हटलं की पहिला हाच पर्याय समोर येतो. टिग वेल्डिंगची, म्हणजे नळ्या थेट एकमेकींना वेल्ड केलेली, फ्रेम असेल तर खुशाल द्या, पण खाली लिहिलेल्या गोष्टी कागदावर लिहून, भट्टीवाल्याला वाचून दाखवून. लग (नळ्या ज्यात घालून जोडतात ते सांध्यावरचे धातूचे खोळे) असलेली फ्रेम मात्र देऊ नका.

लगचं कारण आधी. लगचं सगळं रूप त्याच्या कडेत असतं. बांधणाऱ्याने ती कड कानशीने तासून टोकाकडे पातळ केलेली असते. पावडरचा एक थर साधारण ६० ते ८० मायक्रॉनचा, वर क्लिअर (पारदर्शक थर) घेतला तर तो दीडशेच्या घरात जातो. भट्टीत पावडर वितळते, पसरते आणि त्या कडेला गोलाई आणते. टोक बोथट होतं, लगमध्ये कोरलेली बारीक नक्षी बुजते. अशा फ्रेमला टू-के पीयू पेंट (हार्डनर मिसळून मारायचा पॉलियुरेथेन रंग) हवा, आणि तो चारचाकीच्या चांगल्या पेंटिंगवाल्याकडे नीट होतो. त्याला टवका लवकर जातो हे खरं, पण कड जिवंत राहते. टिग वेल्डच्या फ्रेमला असली कडच नसल्याने पावडरने तिथे काही बिघडत नाही. उलट चेनचे आणि खडीचे फटके ती पेंटपेक्षा चांगले सोसते.

शॉपमध्ये गेल्यावर शेडकार्ड मागण्याआधी पावडर कोणती ते विचारा. घरातल्या कपाटांना इपॉक्सी-पॉलिएस्टर चालते आणि अशा शॉपमध्ये बहुतेक काम तिचंच असतं. दिसायला ती छान गुळगुळीत येते. पण उन्हातल्या अतिनील किरणांपुढे इपॉक्सी टिकत नाही. वर खडूसारखी भुकटी धरते आणि कापड फिरवलं की रंग कापडाला येतो. खानदेशातल्या उन्हात रोज निघणाऱ्या सायकलला ही पावडर म्हणजे पैसे पाण्यात. बाहेरच्या कामाची ‘प्युअर पॉलिएस्टर’ मागा. खोक्यावर तसं छापलेलं असतं. खोकं डोळ्यांनी बघा, तोंडी ‘हो हो, तीच आहे’ यावर थांबू नका.

रंगाच्या बाबतीत या सेवेची मोठी अडचण आहे. पावडरचं खोकं वीस-पंचवीस किलोचं येतं आणि एका फ्रेमला उडून वाया गेलेली धरूनही जेमतेम पाव ते अर्धा किलो लागते. तुमच्या एका फ्रेमसाठी कोणी नवं खोकं फोडणार नाही. म्हणजे निवड त्यांच्याकडे उघड्या असलेल्या खोक्यांतून करायची, किंवा हवी ती शेड दुसऱ्या कामाला लागेपर्यंत थांबायचं. काळा ९००५ आणि पॅनेलचा करडा ७०३५ बहुधा असतोच. स्टीलच्या बारीक, गोल नळ्यांना खुलून दिसतात ते मॉस ग्रीन ६००५, जेन्शियन ब्लू ५०१०, रुबी रेड ३००३ आणि हस्तिदंती १०१५. हे आकडे राल (RAL) या रंगांना आकडे देणाऱ्या शेडकार्डावरचे आहेत, नावापेक्षा आकडा सांगा. ग्लॉसी घ्या. मॅट फ्रेमवर काळ्या मातीची धूळ आणि घामाचे डाग बसले की पुसून निघत नाहीत. टेक्स्चर तर नकोच; ते कपाटाला शोभतं, सायकलला नाही.

आता पूर्वतयारी, कारण खरा घोळ इथे होतो. या शॉपमध्ये ‘सेव्हन टँक’ची पद्धत असते: डीग्रीझिंग, धुणं, अ‍ॅसिडने गंज काढणं, पुन्हा धुणं, मग फॉस्फेटिंग वगैरे. पत्र्याला ती उत्तम. फ्रेमच्या नळ्यांना मात्र आतून बारीक व्हेंट होल (हवा जायची भोकं) असतात. त्यातून अ‍ॅसिड आत शिरतं आणि धुण्याच्या टाकीत पूर्ण निघत नाही. थोडं भट्टीत उकळून त्या भोकातून बाहेर येतं आणि रंगाला फोड आणतं. उरलेलं आतून नळी खात बसतं. ‘अ‍ॅसिडमध्ये बुडवायची नाही’ हे फ्रेमला बांधलेल्या चिठ्ठीवर लिहा.

मग जुना रंग काढायचा कसा? ब्लास्टिंगने (हवेच्या दाबाने ग्रिट, म्हणजे टणक खर, मारून), पण गेटला वापरतात त्या जाड ग्रिटने नाही. चांगल्या बटेड (टोकांना जाड, मध्ये पातळ) नळीची जाडी टोकांना ०.८ आणि मध्ये ०.५ मिमी असते. जाड ग्रिट जोरात एकाच जागी मारली तर पृष्ठभाग खरवडून खड्डे पडतात आणि ते ग्लॉसी रंगाखाली स्पष्ट दिसतात. बारीक अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइड किंवा ग्लास बीड, कमी दाब, आणि गन सतत फिरती. शॉपमध्ये ही सोय नसेल तर पेंट रिमूव्हर लावून, पॉलिश पेपर मारून फ्रेम घरीच उघडी करून न्या. ब्लास्टिंगनंतर उघडं स्टील त्याच दिवशी भट्टीत गेलं पाहिजे आणि मधल्या वेळात त्याला हात लागता कामा नये. पावसाळ्यात तर बोटांचे ठसे दुसऱ्या दिवशी गंजून वर येतात. बॉटम ब्रॅकेटमध्ये (बीबी, पॅडलचा एक्सल फिरतो ती आडवी नळी) शिरलेली ग्रिट कॉम्प्रेसरने उडवून घ्या, नाहीतर नवं बेअरिंग महिन्यात करकरायला लागेल.

फ्रेमला आतून पूर्वी तेल किंवा मेण मारलेलं असेल तर तेही आधी सांगा. ते तापल्यावर पाझरतं आणि रंगाला डोळे, म्हणजे बारीक गोल खड्डे, पडतात. त्यावर उपाय म्हणजे फ्रेम आधी एकदा रिकामीच तापवून, पुसून मग पावडर मारणं.

मास्किंगचं काम शॉपवर सोडू नका. त्यांना सायकलचे आटे माहीत नसतात आणि त्यात त्यांचा दोष नाही. बॉटम ब्रॅकेटच्या दोन्ही बाजूंचे आटे, हेड ट्यूबची आतली दोन्ही तोंडं, फोर्कवरची क्राउन रेसची (खालच्या बेअरिंगच्या कड्याची) जागा, सीट ट्यूबचं तोंड, हँगरचे (मागचा गिअर बदलणारा डिरेलर जिथे लागतो त्या कानाचे) आटे, बाटलीचे बॉस (बाटलीचा पिंजरा लावायची आट्याची भोकं) आणि चारही ड्रॉपआउटचे (चाकाचा एक्सल बसतो त्या खाचांचे) दोन्ही पृष्ठभाग झाकायचे असतात. सिलिकॉनचे प्लग मिळाले तर उत्तम. नाहीतर बीबीमध्ये बेअरिंगचे जुने स्टीलचे कप फिरवून बसवा. प्लास्टिकचे नकोत, भट्टी १८० ते २०० अंशांची असते. ग्रीसही लावू नका, त्याचा धूर रंगात बसतो. कप काढताना आधी कडेने ब्लेड फिरवा, नाहीतर कपाबरोबर रंगाची साल निघते. बाटलीच्या बॉसला पाच मिमीचे साधे स्क्रू आणि हँगरला जुन्या डिरेलरचा बोल्ट पुरतो.

हँगरबद्दल एक इशारा. त्यात रंग गेला आणि फ्रेम लेथवाल्याकडे नेली, तर तो कपाटातून दहा मिमीचा नेहमीचा टॅप (आटे पाडायचं हत्यार) काढेल. तो दीड पिचचा असतो, हँगरचा आटा एक पिचचा. एकदा फिरवला की हँगर गेला. बीबीचं तसंच: आटे इंग्लिश, १.३७ इंच गुणिले २४, आणि चेनकडची बाजू डाव्या आट्याची. तो टॅप साध्या लेथवर मिळत नाही, म्हणून तिथे रंग जाऊच द्यायचा नाही.

ड्रॉपआउटवर रंग राहिला तर काय होतं ते बघा. मागच्या एक्सलला १० आणि पुढच्याला ९ मिमीची खाच असते. दोन्ही बाजूंना ऐंशी ऐंशी मायक्रॉन बसले की चाक खाचेत अडतं. जोर करून बसवलं तरी क्विक रिलीजखाली (चाक आवळायच्या लिव्हरखाली) पावडर हळूहळू दबते आणि आज घट्ट केलेला लिव्हर आठवड्याने सैल लागतो. कन्नड घाट उतरताना हे चालणार नाही. खाच आणि पकडीची जागा धातूपर्यंत उघडी हवी, वर ग्रीसचा पातळ हात.

काम हातात घेताना फ्रेम उन्हात नेऊन बघा. सपाट भागावर संत्र्याच्या सालीसारखा पोत थोडा असतोच, तो मान्य करा. बीबीपाशी चेनस्टे जिथे मिळतात त्या खोबणीत आणि सीटस्टेच्या आतल्या बाजूला बोटाने चाचपा. अशा कोपऱ्यात विद्युतभारामुळे पावडर शिरत नाही आणि थर विरळ राहतो. पावडर मारायच्या गनचं व्होल्टेज उतरवून कोपरे आधी मारायला सांगितलं तर हे टळतं. केबल स्टॉपच्या फटीत साचलेली पावडर कटरने काढा. कार्बन फोर्क असेल तर तो या भट्टीत कधीही टाकायचा नाही. फ्रेमशी जुळणारा वेट पेंट (साधा ओला रंग) वेगळा करून घ्या, किंवा सरळ काळा ठेवा.

परत आल्यावर आतून संरक्षण. पेंटच्या दुकानात मिळणारं डबल बॉइल्ड जवसाचं तेल प्रत्येक नळीत थोडं ओतून फ्रेम सगळ्या बाजूंनी फिरवा, जादाचं निथळू द्या आणि दोन-तीन दिवस टांगून ठेवा. पुसलेली फडकी गोळा करून टाकू नका. जवसाचं तेल वाळताना तापतं आणि चिंधी आपोआप पेट घेते. उलगडून, पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवा.

अक्षरं रेडियमवाल्याकडून कापून घ्या, पण कोटिंग झाल्यावर लावा. भट्टीत व्हिनाइल जळतं. वर टू-के क्लिअर मारायचा असेल तर पावडर आधी बारीक पेपरने मंद करावी लागते, नाहीतर क्लिअर सुटतो. डाउन ट्यूबवर एकच नाव पुरे. बुलेटच्या टाकीवर हाताने रेघ ओढणारा पेंटर मिळाला तर सीट ट्यूबवर दोन बारीक पट्टे ओढून घ्या. साध्या पावडरचा सपाटपणा एवढ्याने मोडतो, आणि स्टिकरच्या पट्ट्यापेक्षा ही रेघ कितीतरी देखणी असते.

रंग कितीही चांगला झाला तरी वर चढलेला स्टेम (हँडलला फोर्कशी जोडणारा तुकडा) तो घालवतो. आडव्या टॉप ट्यूबच्या स्टील बाइकला उणे १७ अंशांचा स्टेम बसतो, कारण ७३ अंशांच्या हेड अँगलवर (हेड ट्यूबच्या तिरपेपणावर) तो जमिनीला समांतर येतो. १०० मिमीचा उणे ६ काढून उणे १७ लावला तर हँडल सुमारे १९ मिमी खाली येतं. तेवढं भरून काढायला खाली २० मिमी स्पेसर (स्टेमखालच्या चकत्या) घाला, रीच (हँडलपर्यंतचं पुढचं अंतर) चारेक मिलिमीटरने घटेल. मात्र एकूण स्पेसर ३० मिमीच्या वर जात असतील तर उणे ६ च राहू द्या, मनोरा आणखी वाईट दिसतो. स्टिअरर (फोर्कची वर येणारी नळी, जिच्यावर स्टेम बसतो) कापायची घाई नको. महिनाभर चालवून मगच, स्टेमच्या वरच्या कडेपेक्षा ३ मिमी खाली कापा. केबलचे मोठे कमानदार वळसे कमी करा, पण हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून बघितल्याशिवाय आउटर (केबलचं बाहेरचं आवरण) कापू नका.

टॅन वॉल (बाजूची कड फिकट तपकिरी असलेले) टायर हिरव्या-निळ्या फ्रेमला फार शोभतात. पावसाळ्यात काळ्या मातीत गेलात तर त्या कडा त्याच दिवशी पाण्याने धुवा, वाळलेला डाग निघत नाही. पाल किंवा तोरणमाळकडच्या रस्त्यांवर बाभळीचे काटे असतात. तेव्हा २८ मिमी टायर घेताना ट्रेडखाली पंक्चर पट्टी असलेलाच घ्या, आणि ब्रेकखाली तो बसतो का ते आधी मोजा.