मदतीचे पैसे उभे करायला गावात काय ठेवायचं : क्रिकेट, कबड्डी की दौड?

कोणाच्या ऑपरेशनसाठी नाहीतर झेडपीच्या शाळेसाठी पैसे जमवायचे म्हटलं की आमच्याकडचे पोट्टे पहिले टेनिस बॉल क्रिकेटच म्हणतात. गर्दी लय होते, खरं आहे. पण हिशोब मांडून पाहा भाऊ, १६ टीम, १५०० एन्ट्री, झाले २४ हजार, त्यातून पहिलं बक्षीस ११ हजार, दुसरं ७ हजार, मग बॉल, मंडप, साउंड, अंपायरचं जेवण, अन् ज्याच्यासाठी सगळं मांडलं त्याच्या हातात हजार-दोन हजार. बक्षीस कोणी बाहेरून दिलं तरच परवडते, अन् ते सामन्याआधी नगदी घ्या, आम्ही एकदा नुसत्या शब्दावर राहिलो अन् फायनलच्या दिवशी पोरांनी घरून पैसे आणून बक्षीस भरलं.

कबड्डी त्यापेक्षा बरी. १३ बाय १० मीटरची जागा, खडे वेचून पाणी मारलं, चुना टाकला की मैदान तयार. लोक लाइनीला चिकटून बसतात त्यामुळे हाफटाइमला डबा फिरवला की पैसे पडतात, क्रिकेटात बाउंड्रीवरचा माणूस कुठं सापडते. पण १६ टीम म्हणजे १५ सामने, नियमाचे २०-२० मिनिटांचे हाफ ठेवले तर रात्र पुरत नाही अन् १० वाजता भोंगा बंद करावाच लागते, म्हणून हाफ १०-१० चे करा अन् दुपारी तीनलाच सुरू करा.

माझं मत विचाराल तर दौड. बक्षीस नाहीच. प्रत्येक पोरानं आधी घरोघरी जाऊन किलोमीटरमागे किती देता ते लिहून आणायचं. एका पोराला दहा जणांनी दहा-दहा रुपये कबूल केले अन् तो ५ किलोमीटर पळाला की ५०० झाले, अशी ३० पोरं म्हणजे १५ हजार, खर्च पाण्याचा अन् केळींचा. पुण्यात असलेला काका फोन पे करते. टेरी फॉक्स नावाचा कॅनडाचा पोरगा १९८० साली एका कृत्रिम पायावर कॅन्सरच्या संशोधनासाठी १४३ दिवस पळाला, त्यानंही माणशी एकच डॉलर मागितला होता.

अन् दौडीत पोरी येतात, क्रिकेटात त्यांना कोणी विचारत नाही. आम्ही शाळेच्या मैदानाला चकरा ठेवल्या होत्या, दर चकरीला तळहातावर स्केचपेनची एक रेघ. सातवीतली एक पोरगी चप्पल हातात घेऊन पळाली, घामानं रेघा पुसत होत्या म्हणून मूठ आवळून होती, अन् शेजारच्या आजीनं तिची मूठ उघडून एकेक रेघ मोजली अन् कापूस वेचणीच्या पैशातून चकरीमागे दोन रुपयांप्रमाणे दिले.

काहीही ठेवलं तरी लोकांकडून पैसे गोळा करायच्या आधी धर्मादाय आयुक्तांच्या ऑफिसची कलम ४१ क ची परवानगी काढा, गणपती मंडळं काढतात तीच. सोयाबीन सोंगणीत ठेवू नका, एकही माणूस गावात सापडत नाही. जानेवारीतली सकाळ बरी, सातला सुरू केलं की नऊला हिशोब फळ्यावर लिहून मोकळे.