एकदाच विचारायचं, काही महिन्यांनी पुन्हा, की रोज?

कामावरचा ताण, समाधान किंवा नोकरी सोडण्याचा विचार यांचा अभ्यास ठरला की सगळा खल प्रश्नावलीवर होतो. ती कधी आणि किती वेळा भरून घ्यायची, हे मात्र सोयीनुसार ठरतं. माझ्या मते निम्मा अभ्यास तिथेच घडतो किंवा बिघडतो.

एकदाच केलेला सर्व्हे स्वस्त आणि झटपट. कोणत्या विभागात ताण जास्त आहे, एवढंच हवं असेल तर तो पुरतो. पण ‘वरिष्ठांच्या पाठिंब्यामुळे समाधान वाढतं’ हा दावा त्याला पेलत नाही. समाधानी माणसाला वरिष्ठही चांगले वाटू शकतात. ‘पाठिंब्याने ताण घटतो आणि म्हणून समाधान वाढतं’ अशी साखळी तपासायची असेल तर धोका आणखी मोठा. एका वेळच्या आकड्यांवरून असे परिणाम मोजले तर अंदाज बरेच चुकू शकतात, हे मॅक्सवेल आणि कोल या मानसशास्त्रज्ञांनी २००७ मध्ये दाखवलं.

त्याच लोकांना काही महिन्यांच्या अंतराने पुन्हा विचारलं तर आधी काय आणि नंतर काय, हे दिसू लागतं. इथे दोन फेऱ्यांवर भागवण्याचा मोह होतो. दोन बिंदूंमधून रेषा निघते, वळण दिसत नाही. नोकरी बदलल्यावर समाधान आधी वाढतं आणि मग उतरतं, हे बॉसवेल आणि सहकाऱ्यांच्या २००५ च्या अभ्यासात दिसलं. चुकीच्या दोन क्षणी मोजलं तर हा चढउतार ‘काहीच बदल नाही’ असा वाचला जाईल. म्हणून किमान तीन फेऱ्या हव्यात. शिवाय गळती होते. त्रासलेले लोक नोकरी सोडून गेले की उरलेल्यांची सरासरी आपोआप सुधारलेली दिसते. त्यामुळे गळलेल्यांची आणि टिकलेल्यांची पहिल्या फेरीतली उत्तरं ताडून पाहायलाच हवीत.

मनःस्थिती, थकवा किंवा बैठकीतला खटका तासांत किंवा दिवसांत बदलतो. सहा महिन्यांनी ‘तेव्हा कसं वाटत होतं’ विचारून हाती येते ती आठवण. अशा गोष्टींसाठी डायरी पद्धत, म्हणजे रोज किंवा दिवसातून काही वेळा त्या-त्या वेळचा अनुभव नोंदवून घेणं. १९७० च्या दशकात चिक्सेंटमिहायी आणि सहकारी पेजर वाजवून लोकांना त्या क्षणाचा अनुभव लिहायला लावत. आता मोबाइलवर होतं. इथे एकाच माणसाचे बरे-वाईट दिवस एकमेकांशी ताडता येतात. प्रश्न मात्र मोजकेच ठेवावे लागतात, नाहीतर लोक कंटाळून काहीही भरतात.

निवडताना मी आधी एवढंच विचारते: ही गोष्ट किती वेगाने बदलते? रोज हलणारी असेल तर डायरी, महिन्यांत सरकणारी असेल तर तीन-चार फेऱ्या. दोन फेऱ्यांमध्ये सहा महिनेच का, याचं उत्तर ‘तेव्हा परवानगी मिळाली’ एवढंच असेल, तर कारणाचा दावा सोडून एकदाच नीट सर्व्हे केलेला मला जास्त प्रामाणिक वाटतो. पैसा आणि माणसांचा वेळ हाताशी असेल, तर दोन आठवडे रोज आणि काही महिन्यांनी पुन्हा दोन आठवडे, असा मेळही घालता येतो.