मानवी डीएनएच्या नकाशाचा सशुल्क अभ्यासक्रम : पावसाळाभर वापरल्यानंतर

वार्षिक वर्गणी संपत आल्याचा आणि नव्या वर्षासाठी दर वाढल्याचा संदेश गेल्या आठवड्यात आला, म्हणून हे लिहायला बसलो. मानवी जीनोम प्रकल्पाची (माणसाच्या साऱ्या डीएनएचा क्रम वाचण्याच्या प्रकल्पाची) तोंडओळख वाचकांना असेलच, तेव्हा १९९० ते २००३ची उजळणी टाळतो.

माझी नोकरी डिचोली आणि सत्तरीत जमिनी मोजण्यात गेली. साहजिकच नकाशांचे प्रकरण मी सर्वांत आधी उघडले, आणि नेमकी तीच या अभ्यासक्रमाची लंगडी बाजू निघाली. जनुकीय नकाशा (खुणा पुढच्या पिढीत किती वेळा एकत्र जातात यावरून काढलेला) आणि भौतिक नकाशा (बेस, म्हणजे डीएनएची एकेक अक्षरे, मोजून काढलेला) एकाच पट्टीवर शेजारी शेजारी रंगवून 'एक सेंटिमॉर्गन म्हणजे दहा लाख बेस' असे ठणकावून सांगितले आहे. सेंटिमॉर्गन हे लांबीचे माप नव्हे. गुणसूत्रावरच्या दोन खुणांची पुढच्या पिढीत जाताना शंभरातून एकदा फारकत होत असेल, तर त्यांच्यातले अंतर एक सेंटिमॉर्गन धरतात. ही फारकत सगळीकडे सारखी होत नाही : काही जागी ती वारंवार होते, सेंट्रोमिअरजवळ (गुणसूत्राच्या आवळलेल्या भागाजवळ) क्वचितच होते, आणि स्त्रियांमध्ये ती पुरुषांपेक्षा इतकी अधिक होते की डीएनएची लांबी तीच असूनही त्यांचा जनुकीय नकाशा दीडपटीहून लांब भरतो. दहा लाख ही निव्वळ सरासरी आहे. दोन वाड्यांमधले अंतर चालायला लागणाऱ्या वेळात विचारून घ्यावे आणि सर्व्हे प्लॅनवर ते मीटर म्हणून चढवावे, तसला हा प्रकार.

चाचणीतही हाच प्रश्न आहे आणि 'सरासरीने' हा पर्याय निवडला की गुण कापले जातात. तक्रार केली, तर मदतकक्षाने इंटरनेटची जोडणी तपासायला सांगितले. (पावसात आमच्याकडे वीज जाते हे खरे, पण त्यामुळे सेंटिमॉर्गन बदलत नाही.) पुन्हा सविस्तर लिहिले, तेव्हा 'आपला अभिप्राय आमच्यासाठी मोलाचा आहे' एवढेच उत्तर आले.

ही घासाघीस क्षुल्लक वाटेल, पण हंटिंग्टन या मेंदूच्या आनुवंशिक रोगाच्या जनुकाजवळची खूण चौथ्या गुणसूत्रावर १९८३ मध्ये सापडूनही प्रत्यक्ष जनुक हाती यायला १९९३ का उजाडले, हे या फरकावाचून कळत नाही. खुणेने टापू दाखवला होता, पण त्या टापूतले लक्षावधी बेस तयार भौतिक नकाशा नसताना धुंडाळायचे होते. अभ्यासक्रमात ही दोन्ही साले एकाच वाक्यात उरकली आहेत.

जुलैत लिहिले असते तर 'घेऊ नका' म्हणून इथेच थांबलो असतो. पुढे क्रमनिर्धारणाचा, म्हणजे बेसचा क्रम वाचण्याचा, विभाग उघडला आणि मत बदलावे लागले. त्यात डीएनएचे छोटे वाचलेले तुकडे देतात आणि टोके जुळवून मूळ क्रम लावायला सांगतात. सुरुवातीला सहज जमते. मग तोच तोच क्रम पुन्हा पुन्हा येणारा भाग समोर येतो आणि दोन वेगवेगळ्या जुळण्या सारख्याच बरोबर दिसू लागतात. त्यानंतर लांब तुकडे मिळतात आणि पेच सुटतो. २००३ मध्ये पूर्ण म्हटलेल्या जीनोमचा सुमारे आठ टक्के भाग २०२२ पर्यंत का रखडला, हे मला त्या एका सरावाने समजले. सेंट्रोमिअरसारख्या पुनरुक्त भागांतून हजारो बेस सलग वाचणारी यंत्रे आल्यावरच वाट मोकळी झाली. शिवाय त्या वेळी वापरलेल्या पेशींमध्ये गुणसूत्रांचे दोन्ही संच एकाच पित्याकडून आलेले, एकसारखे होते, त्यामुळे आईचा तुकडा कोणता आणि वडिलांचा कोणता हा घोळच उरला नाही. त्या पेशींत वाय गुणसूत्र नव्हते. त्याचा संपूर्ण क्रम २०२३ मध्ये आला. हे सारे इतके नेटके समजावणारा माणूस नकाशांच्या प्रकरणाच्या वेळी कुठे होता, कोण जाणे.

सेलेरा या खासगी कंपनीशी झालेल्या शर्यतीचा भाग मात्र नुसता नाट्यमय आहे. सेलेराने सार्वजनिक प्रकल्पाची माहितीही वापरली होती, याचा त्यात उल्लेखच नाही.

राहिला पैशाचा प्रश्न. सार्वजनिक प्रकल्पातल्या शास्त्रज्ञांनी १९९६ मध्ये बर्म्युडा येथे ठरवले होते की, वाचलेला क्रम चोवीस तासांच्या आत सर्वांसाठी खुला करायचा, आणि अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या सांताक्रूझच्या विद्यापीठाने जुळवलेला मसुदा ७ जुलै २००० रोजी इंटरनेटवर फुकट ठेवला. तो क्रम आजही फुकट पाहता येतो. तेव्हा वाढीव दराने वर्गणी मी भरणार नाही. ज्यांना तुकडे जुळवण्याचा सराव करायचाच आहे, त्यांनी फक्त एका महिन्याची योजना घ्यावी. ती त्यांच्या दरपत्रकात अगदी तळाशी, बारीक अक्षरांत दिलेली आहे.