ग्लोव्ह्ज काढून प्रोफेशनल व्हायचं? आधी हात तपासा

अमॅच्युअर बॉक्सिंगची लढत तीन मिनिटांच्या तीन राउंडची, बीकेएफसी या उघड्या मुठींनी लढायच्या प्रोफेशनल बॉक्सिंग लीगची दोन मिनिटांच्या पाच. म्हणजे ९ मिनिटं आणि १० मिनिटं. दम दोन्हीकडे सारखाच लागतो. खरा फरक मुठीत आहे.

अमॅच्युअरमध्ये वजनगटानुसार १० किंवा १२ औंसाचा ग्लोव्ह असतो. पंच कपाळावर चुकून बसला तरी तो निभावून नेतो. उघडी मूठ तशीच आपटली तर करंगळीमागचं तळहाताचं हाड मोडतं. मनगटाला आणि तळहाताला पट्टी बांधता येते, पण ती नकल्सच्या, म्हणजे मुठीवरच्या हाडांच्या उंचवट्यांच्या, एक इंच अलीकडे थांबवावी लागते. म्हणून डोक्यावर मोजकेच, पहिल्या दोन नकल्सनी, आणि बाकीचे पंच बरगड्यांवर व पोटात. पॉइंटसाठी जॅबचा, म्हणजे पुढच्या हाताच्या झटपट पंचांचा, पाऊस पाडणाऱ्यांची इथे पंचाईत होते.

बचावही बदलतो. ग्लोव्ह्ज गालाला चिकटवून उभं राहणं ही अमॅच्युअरची सवय. उघड्या हातांत मात्र फट राहते आणि मूठ नेमकी तिथून शिरते. तिथे डोकं हलवणं आणि पावलं टाकणं कामी येतं. क्लिंचमध्ये, म्हणजे दोघं एकमेकांना धरून असताना, तर अमॅच्युअर रेफरी ‘ब्रेक’ म्हणेल याची वाट बघत बसतो, आणि समोरचा एका हाताने मान धरून मोकळ्या हाताने मारत असतो. तेही नियमात बसतं. राउंडची सुरुवात कोपऱ्यातून नाही, तर तीन फुटांवरच्या दोन रेषांवरून होते; अंदाज घ्यायला वेळच मिळत नाही.

भुवई फुटणं नेहमीचंच. त्याहून फसवी असते दात लागून नकलवर पडलेली छोटी चीर. ती सांध्यापर्यंत गेलेली असू शकते आणि तोंडातले जंतू आत राहतात. टेप लावून घरी जाऊ नका, त्याच दिवशी डॉक्टरला दाखवा.

मधला रस्ता आहेच: ग्लोव्ह्जचं प्रोफेशनल बॉक्सिंग. सुरुवातीला बहुधा चार राउंड, आणि वेल्टरवेट या मधल्या वजनगटापर्यंत ८ औंसाचे ग्लोव्ह्ज. हात आधी मोडलेला असेल, किंवा पंच वरचेवर कपाळावर जात असतील, तर आमच्या मते हाच रस्ता धरा. उघड्या मुठीकडे वळावं ते क्लिंचमध्ये न गांगरणाऱ्याने आणि पोटात मारायला आवडणाऱ्याने.

सही करण्याआधी करारात तीन गोष्टी शोधा: हरलात तरी किती पैसे, टाके आणि हाताच्या ऑपरेशनचा खर्च कोणाचा, आणि दुसरीकडे लढायची बंदी किती काळ. अमॅच्युअरमध्ये परत येता येईल का, हे आपल्या फेडरेशनकडून लेखी घ्या.