पोरांची स्लेज: एटीव्हीमागे, हाताने की उतारावर?

पुतण्या अमेरिकेत मिनेसोटात असतो. त्याच्या शेजाऱ्याकडे एटीव्ही आहे, म्हणजे चार फुगीर चाकांची, मोटरसायकलसारखं हँडल असलेली शेतावरची गाडी. डिसेंबरात त्याचा फोन आला. "काका, पोरांना स्लेजवर, म्हणजे बर्फावर घसरणाऱ्या बिनचाकी गाडीवर, बसवून एटीव्हीमागं ओढायचं म्हणतोय. तुम्ही ट्रॉल्यांचं काम करताय, सांगा, दोरी लावू का दांडा?"

मी सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत उसाच्या ट्रॉल्यांचे दांडे, हुक आणि चासी दुरुस्त करतो. बर्फ बघितला तो दोनदाच, एकदा गुलमर्गला आणि एकदा या पुतण्याकडे. पण मागं काहीतरी जोडून ओढायचं म्हटलं की काय काय बिघडतं, ते रोज बघतो. त्याला फोनवर सांगितलं ते इथं नीट मांडतोय. यंदा ओळखीतली तीन-चार घरं काश्मीर-मनालीला निघाली आहेत, आणि नाताळात मुलाकडे-मुलीकडे परदेशी जाणारे आजी-आजोबाही आपल्या गावात कमी नाहीत. नातवंडं हट्ट धरतात तेव्हा निर्णय तिथल्या तिथं घ्यावा लागतो.

आमच्या धंद्यात कुठल्याही जोडणीला मी एकच प्रश्न विचारतो: मागचं थांबवणार कोण? ओढायला काहीही चालतं. एटीव्हीमागे दोरी, एटीव्हीमागे दांडा, हाताने ओढणं आणि उतार, हे चारही पर्याय मी याच प्रश्नावर तपासले.

दोरीपासून सुरू करतो, कारण सगळ्यांच्या डोक्यात तीच पहिल्यांदा येते. भरलेली बिनब्रेकची डबल ट्रॉली उतारावर ट्रॅक्टरला कशी ढकलत नेते, ते हंगामात कुठल्याही ड्रायव्हरला विचारा. तिथं निदान मध्ये लोखंडी दांडा असतो. दोरीला फक्त ओढता येतं, अडवता येत नाही. एटीव्हीने ब्रेक मारला की गाडी थांबते, दोरी ढिली पडते आणि स्लेज आहे त्याच वेगाने मागच्या चाकांवर येते. स्लेजवर बसलेल्या लहान मुलाचं डोकं साधारण त्याच चाकाच्या उंचीला असतं.

आता हिशेब बघा. दाबलेल्या बर्फावर घर्षणाचा गुणांक 0.1 धरला, म्हणजे बर्फ वजनाच्या दहाव्या भागाइतकाच अडवतो असं मानलं, तर ताशी 10 किलोमीटरने चाललेली स्लेज आपली आपण थांबायला सुमारे 4 मीटर घेते. 20 ला सुमारे 16 मीटर, 30 ला 35 मीटर. वेग दुप्पट झाला की अंतर चौपट होतं. कोरड्या डांबरी रस्त्यावर 20 च्या वेगाला ब्रेक मारलेली गाडी दोन-अडीच मीटरात उभी राहते, आपल्या पायाला तीच सवय असते. दोरी मात्र कोणी 16 मीटरची बांधत नाही, तीन-चार मीटरचीच बांधतात. आणि 30 च्या वेगाने झाडावर आदळणं म्हणजे साडेतीन मीटर उंचीवरून, जवळजवळ पहिल्या मजल्यावरून, खाली पडणं.

दोरीचा दुसरा दोष वळणावर दिसतो. ज्वारी हुरड्यात आली की पाखरं हाकायला गोफण फिरवतात. फिरवणाऱ्याचा हात फूटभरच हलतो, पण टोकाचा खडा केवढ्या जोरात जातो! एटीव्ही वळली की मागची स्लेज तशीच बाहेर फेकली जाते आणि गाडीपेक्षा जास्त वेग घेते. चालवणाऱ्याला वाटतं आपण हळू वळलो. स्लेज तोवर कुंपणाच्या खांबाकडे, झाडाच्या बुंध्याकडे निघालेली असते. बर्फाखाली काय दडलंय तेही दिसत नाही. तार, ओंडका, दगड, सगळं वरून सारखंच पांढरं.

शिवाय चालवणाऱ्याची नजर पुढं असते. मूल पडलं तर त्याला कळत नाही आणि इंजिनाच्या आवाजात हाक ऐकू जात नाही. चाकांनी उडवलेली बर्फाची ढेकळं मुलाच्या तोंडावर येतात, धूरही त्याच्याच नाकाशी. गारठ्याचं तर आपल्याकडच्या माणसाच्या ध्यानातच येत नाही. हवेत उणे 10 अंश असताना ताशी 30 च्या वाऱ्यात अंगाला उणे 20 सारखं लागतं. चालण्याच्या वेगाला तेच उणे 13. आणि स्लेजवरचं मूल हलत नाही, नुसतं बसून असतं, त्यामुळे त्याला गारठा लवकर चढतो. दोरी कटाक्षाने नको, हे मी पुतण्याला पहिल्याच मिनिटात सांगितलं.

मग तो म्हणाला, "दांडा लावला तर?"

दांड्याने एक मोठा दोष जातो: स्लेज गाडीवर येऊन आदळत नाही. तिकडे गोठलेल्या तळ्यावर मासे धरायला जाणारे लोक सामानाच्या मोठ्या प्लास्टिकच्या स्लेज असा दांडा लावूनच ओढतात. पण त्या सामानासाठी असतात, हे विसरू नका. दांड्याला हुकाशी सांधा असतोच, नाहीतर गाडी वळणार नाही. निसरड्यावर जोरात ब्रेक मारला की त्याच सांध्यावर मागचं आडवं फिरतं. ट्रॉली आडवी होऊन ट्रॅक्टरला भिडलेली मी अनेकदा बघितली आहे, आणि तिला तर रबरी चाकं असतात. स्लेजला धरून ठेवायला काहीच नसतं. हुकाची पिन लॉकची असेल, वेग चालण्याइतका असेल, मैदान सपाट आणि मोकळं असेल, मागं तोंड करून लक्ष ठेवायला दुसरा मोठा माणूस असेल, तर धोका पुष्कळ कमी होतो. तरी संपत नाही.

डॉक्टरांचं म्हणणं यापेक्षा कडक आहे. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांची संघटना, अमेरिकन अकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्स, सांगते की इंजिनाच्या वाहनामागे ओढल्या जाणाऱ्या स्लेजवर मुलांना बसवूच नये, आणि 16 वर्षांखालच्या मुलांनी एटीव्ही चालवू नये. "मग मागं नको, सीटवरच बसवतो," हाही उपाय नव्हे. बहुतेक एटीव्ही एकाच माणसासाठी बनवलेल्या असतात. वळणावर चालवणाऱ्याला अंग झुकवून तोल सांभाळावा लागतो, मागं कोणी बसलं की तो तोलच बिघडतो.

मिनेसोटाच्या नंबरप्लेटवरच दहा हजार तळ्यांचं नाव लिहिलेलं असतं. त्यामुळे सपाट मैदान दिसलं तर ते खरंच मैदान आहे की गोठलेलं तळं, हे आधी विचारावं. नुसतं चालायला तिथं निदान 4 इंच चांगला, स्वच्छ बर्फ लागतो असं सांगतात, एटीव्हीला त्याहून जाड.

आता हाताने ओढायचं. लहानपणी आम्ही नारळाच्या झावळीवर एकाला बसवायचो आणि देठ धरून गल्लीभर पळायचो. आजही मला पाच वर्षांखालच्या पोरांसाठी हीच रीत सगळ्यात पसंत आहे. ओढणारा माणूस दमतो, म्हणून वेग आपोआप मर्यादेत राहतो. तो थांबला की दोन पावलांत स्लेज थांबते. मूल पडलं तर लगेच कळतं. वळून त्याच्याशी बोलता येतं.

गुलमर्गला लाकडी स्लेज ओढणारे भेटतील. भाडं आधी ठरवा, किती लांब नेणार तेही ठरवा. उतारावर ओढणारा स्वतः पुढं बसतो आणि बुटांनी ब्रेक लावतो, म्हणजे थांबवणारा माणूस तिथं हजर असतो. त्याला एवढंच सांगा की मूल एकटं सोडायचं नाही आणि दुसऱ्या स्लेजशी शर्यत लावायची नाही. स्वतः ओढणार असाल तर ध्यानात ठेवा, सोलापूर साडेचारशे मीटरवर आहे आणि गुलमर्ग 2,600 मीटरच्या वर. पहिल्या दिवशी आजोबांनी हौस करू नये, दम लागतो. तिथंही एटीव्ही आणि स्नोबाइक भाड्याने मिळतात. त्यांच्यामागे पोरांची स्लेज बांधून देतो असं कोणी म्हणालं, तर सरळ नाही म्हणा.

राहिला उतार. सहा-सात वर्षांपुढच्या मुलांना खरी मजा यातच येते, आणि चारही पर्यायांत मी याच्या बाजूचा आहे. पण उतार म्हणजे हळू, असं समजू नका. घर्षण सोडलं तर साडेतीन मीटर खाली आलेली स्लेजही ताशी 30 च्या आसपास जाते. फरक असा की इथं थांबवण्याचं काम खालची सपाट जमीन करते, आणि ती जमीन तुम्हाला आधी चालून बघता येते. वर दिलेला 35 मीटरचा आकडा इथं वापरा: खाली निदान तेवढं सपाट आणि मोकळं हवं. पुढं रस्ता, झाड, तळं, पार्किंग नको. चढ 30 अंशांहून कमी हवा. मुलाने बसूनच जायचं, पाय पुढं. पोटावर झोपून डोकं पुढं घातलं की पहिला मार डोक्याला बसतो. गोल थाळी आणि हवा भरलेली ट्यूब गरगर फिरते, मूल पाठमोरं खाली जातं आणि समोरचं दिसत नाही. वळवता येणारी स्लेज घ्या. हेल्मेट घालाच. मफलर नको, तो अडकतो. गळ्यापर्यंत येणारी गरम कॉलर बरी. वर चढताना कडेने चढायचं, म्हणजे खाली येणाऱ्याच्या वाटेत कोणी येत नाही. या चढण्यानेच पोरांचं अंग गरम राहतं, एटीव्हीमागं बसून ते होत नाही.

पुतण्याच्या घरात दोन मुलं, एक आठ वर्षांचा आणि एक चार वर्षांची. मोठ्याला शाळेमागचा उतार सांगितला, धाकटीला बापाने हाताने ओढायचं. शेजाऱ्याला वाईट वाटू नये म्हणून एटीव्हीलाही काम दिलं: रिकाम्या स्लेज वर नेऊन द्यायच्या, त्याही उताराच्या एका बाजूने, पोरं दुसऱ्या बाजूने चालत चढणार. दांड्याचं माप त्याने मागितलंच होतं, ते मी दिलं. आठ फुटी पाइप, लॉकची पिन, सांधा एकच. आता त्याला जोडून ते जळणाची लाकडं आणतात.