एक हिवाळा स्कीवर: 14 दिवसांच्या वापरानंतर

वापर: डिसेंबरचा दुसरा आठवडा ते मार्चअखेर, मिळून 14 दिवस. वापरणारी: वय 39, मूळची पुण्याची, गेली सहा वर्षं म्युनिकला. त्याआधी बर्फाशी संबंध एवढाच, की सकाळी गाडीची काच खरवडायची.

पडण्याबद्दल, गुडघ्यांबद्दल आणि पासच्या किमतीबद्दल सगळेच भरभरून सांगतात. उतारावर वागायचं कसं, ते मात्र कोणी सांगत नाही. शिकवणीच्या तीन दिवसांत मी 'पिझ्झा' शिकले (म्हणजे स्कीची पुढची टोकं जवळ, मागची लांब, हा ब्रेक), वळायला शिकले आणि पडल्यावर उठायला शिकले. दम खायला थांबायचं कुठे, रांगेत सरकायचं कसं, अनोळखी माणसाबरोबर टी-बारवर (उभ्या-उभ्या दोघांना वर नेणारी लिफ्ट) काय करायचं, हे शिकवलं आमच्या खालच्या मजल्यावरच्या आजींनी. सत्तरी ओलांडलेल्या, पण उतारावर पाण्यासारख्या वाहतात.

जिन्यात भेटलो की आमचं सहा वर्षं 'झी', म्हणजे अहो-जाहो. पहिल्यांदा त्यांच्याबरोबर रेल्वेने डोंगराच्या पायथ्याच्या लेंगरीस गावाला गेले. तिथल्या ब्राउनेक डोंगरावर नेणाऱ्या रोपवेच्या केबिनमध्ये बसलो आणि अर्ध्या वाटेत त्यांनी हात पुढे करून स्वतःचं पहिलं नाव सांगितलं. हजार मीटरच्या वर 'झी' नसतं, सगळे 'डू', म्हणजे अरे-तुरे, हा तिकडच्या डोंगरातला जुना रिवाज. माझी जीभ रेटेना. तोंडाने 'डू' आणि मनात 'आजी, तुम्ही' असं दिवसभर चाललं. संध्याकाळी परतीच्या गाडीत बसलो आणि पुन्हा 'झी' सुरू. ही सोय मला फार आवडली.

लेखी नियम नाहीत असं नाही. आंतरराष्ट्रीय स्की महासंघाचे दहा नियम 1967 पासून आहेत. लिफ्टच्या तळाशी ते फलकावर लावलेले दिसतात आणि टक्कर होऊन प्रकरण कोर्टात गेलं, तर जर्मनी-ऑस्ट्रियातली न्यायालयं दोष ठरवताना त्यांचाच आधार घेतात. त्यातला तिसरा नियम मला लगेच पटला: मागून येणाऱ्याने पुढच्याला धोका होणार नाही अशी वाट धरायची. म्हणजे पुढच्याने समोर बघावं, मागचा आपलं बघून घेईल. आरसे आत वळवून लक्ष्मी रोडवर ॲक्टिव्हा चालवलेल्या बाईला यात नवीन काय? फरक एवढाच, की पुण्यात मागच्याने हॉर्न दिला की त्याची जबाबदारी संपते. इथे मागून ओरडणारा अडाणी समजला जातो. ओरडल्याने पुढचा दचकतो आणि नेमका नको तिकडे वळतो.

मला हे डोक्यात कळलं, अंगात यायला वेळ लागला. पाठीमागे खरखर ऐकू आली की मी रस्ता द्यायला बाजूला व्हायचे आणि सॉरी म्हणायचे. तिसऱ्या दिवशी आजी वैतागल्या. म्हणाल्या, तू वळतेयस तशीच वळत राहा. तो तुझ्या वळणांचा ताल बघून येतोय, तू मध्येच सौजन्य दाखवलंस की त्याचा हिशोब चुकतो. चौथा नियमही तेच सांगतो: ओव्हरटेक करताना पुढच्याच्या जाणूनबुजून केलेल्या किंवा नकळत झालेल्या हालचालीला पुरेल एवढी जागा सोडा. नकळत! माझं सगळं स्कीइंग त्या एका शब्दात मावत होतं.

तेव्हा हळू जाण्याची लाज नको. हळू जाऊन कोणाचा अपमान होत नाही. खरा आगाऊपणा कशात आहे ते मी स्वतः करून पाहिलं.

जानेवारीत, जरा आत्मविश्वास आल्यावर, लाल खांबांच्या उतारावर गेले (निळा सोपा, लाल मधला, काळा माझ्यासाठी नाही). वाटेत एक उंचवटा होता. तो पार केला, हुश्श म्हटलं आणि त्याच्या बरोबर खाली, मधोमध, थांबले. समोर डोंगरांची रांग स्वच्छ दिसत होती, म्हणून हातमोजा काढून मोबाइल काढला. वरून येणाऱ्याला मी दिसणं शक्यच नव्हतं. एक कॉलेजातला वाटणारा मुलगा उंचवट्यावरून आला, त्याने मला पाहिलं आणि मला चुकवण्यासाठी स्वतःला बर्फावर आडवं टाकलं. उठला, बर्फ झटकला, मला लागलं नाही ना ते विचारलं, काठीने पिस्तची (स्कीसाठी आखलेल्या उताराची) कड दाखवली आणि गेला. दोन शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

थांबायचं ते कडेला आणि वरून दिसेल अशा जागी, हे झालं लेखी. न लिहिलेलं असं: आपली माणसं घोळका करून थांबली असतील, तर त्यांच्या खालच्या बाजूला जाऊन थांबायचं. वरच्या बाजूला थांबायला गेलात आणि ब्रेक लागला नाही, तर चौघं एकदम आडवे. आणि निघताना आधी वर बघायचं, हे पुन्हा लेखी. एकदा तुम्ही चालू लागलात की मागच्याची जबाबदारी, पण उभे असताना निघण्याआधी बघायची जबाबदारी तुमची. गल्लीतून हमरस्त्यावर न बघता गाडी घालायची सवय इथे पहिल्या दिवशी सोडावी लागते. शिकवणीतल्या मुलांची आगगाडी बाईंच्या मागे वळत-वळत चाललेली असते. तिच्यामधून तर कधीच जायचं नाही, कितीही फट दिसली तरी.

लिफ्टच्या रांगेत आपले स्की दुसऱ्याच्या स्कीवर चढवायचे नाहीत. आपल्याकडे रांगेत पुढच्याच्या पाठीला चिकटून उभं राहिलं नाही, तर चौथा माणूस मध्ये घुसतो. पायात दीड मीटरच्या पट्ट्या बांधलेल्या असताना चिकटणं म्हणजे पुढच्याच्या पट्ट्यांवर उभं राहणं, आणि त्याचे स्की स्वतःचे असतील तर त्याचा चेहरा बघण्यासारखा होतो. दोन रांगा एक होतात तिथे एक इकडचा, एक तिकडचा, चेनच्या दातांसारखं. चेअरलिफ्टवर बसल्यावर दांडा खाली ओढण्याआधी शेजाऱ्यांना सांगायचं, नाहीतर कोणाच्या तरी हेल्मेटवर बसतो.

टी-बारबद्दल वेगळं लिहायला हवं. तो झोपाळा नाही. दिसतो उलट्या टी-सारखा, दोघांच्या बुडाखाली अडकतो आणि उभ्या-उभ्या वर ढकलत नेतो. मी बसले. माझ्याबरोबर एक उंच गृहस्थ होते, ते काही न करता पडले. आणि मी दांडा सोडला नाही! मला वाटलं, सोडणं म्हणजे त्यांना एकट्याला टाकणं. पंधरा-वीस फूट फरफटत गेले आणि मागून येणारी जोडी आमच्यावर यायची वेळ आली. पडलं की दांडा सोडून लोळत लिफ्टच्या वाटेबाहेर जायचं, माफी नंतर मागायची. ते गृहस्थ पुढच्या फेरीला आपणहून माझ्या शेजारी आले. फक्त 'डावीकडे की उजवीकडे?' असं विचारलं.

चेअरलिफ्टवर एकदा तिथल्या कर्मचाऱ्याने शिकवणीतलं सहाएक वर्षांचं पोरगं माझ्या शेजारी बसवलं. मुलांना एकटं सोडत नाहीत, म्हणून रांगेतल्या मोठ्या माणसाला जोडून देतात. नकार द्यायची पद्धत नाही. मी घाबरून त्याचं जाकीट घट्ट धरून बसले. उतरायची वेळ आली तेव्हा तोच मला म्हणाला, 'श्पिट्सन होख', म्हणजे टोकं वर. त्याच्या सांगण्यामुळे मी नीट उतरले.

पडल्यावर स्की सुटून वर राहिला, तर मागून येणारा कोणीतरी तो घेऊन येतो. मागावं लागत नाही. एका बाईंनी माझा स्की उताराला आडवा ठेवला, त्याच्याखाली स्वतःचा बूट टेकवला, मला त्यात पाय अडकवू दिला, 'पास्ट?' (जमलं?) विचारलं आणि निघून गेल्या. फेब्रुवारीत मी पहिल्यांदा दुसऱ्या कोणाची काठी उचलून नेऊन दिली. त्या दिवसाची नोंद माझ्या वहीत आहे.

वरच्या खानावळीत टेबलं सामाईक असतात. 'इथे जागा आहे का' विचारायचं आणि अनोळखी कुटुंबाच्या मध्ये बसायचं. माझी चूक तिथेही झालीच. सवयीने पोळी-भाजीचा डबा उघडला. वाढणाऱ्या बाई आल्या, डब्याकडे बघितलं आणि मेन्यूकार्ड डब्यावर ठेवलं, बाजूला नाही. डबा खायचा तर बाहेर, बर्फात, आपल्या पिशवीवर बसून. आत बसलात तर निदान एक सूप किंवा श्किवासर मागवा (रासबेरीचं सरबत, चांगलं लागतं). आता मी डबा लिफ्टच्या आधी, स्टेशनवर संपवते.

संध्याकाळी उतार बंद झाल्यावर खाली जायला रेंगाळू नका. शेवटच्या फेरीला गस्तीवाले तुम्हाला हाकलतात तो रुबाब नसतो. त्यानंतर बर्फ सारखं करणारी यंत्रं निघतात आणि चढावर ती पोलादी दोराला बांधलेली असतात. दोर शेकडो मीटर लांब असतो, अंधारात दिसत नाही, ताण आला की एकदम उसळतो. यावर आजी एरवीसारख्या हसत नाहीत.

सामानाबद्दल थोडक्यात. स्की पहिल्या हंगामात भाड्याने घ्या. बाइंडिंग (बूट स्कीला अडकवणारा खटका) दुकानदाराकडूनच लावून घ्या आणि वजन खरं सांगा, कारण पडल्यावर स्की पायातून सुटणार की गुडघा पिळणार हे त्या आकड्यावर ठरतं. मी पाच किलो कमी सांगितलं होतं, दुसऱ्या दिवशी गुपचूप जाऊन बदलून घेतलं. मोजे एकच जोडी, पातळ. मी थंडीच्या भीतीने जाड मोज्यांच्या दोन जोड्या घालून सेकंडहँड बाजारात बूट बघितले, त्यामुळे एक माप मोठे घेतले आणि हंगामभर पावलं आत डचमळत राहिली. बूट 25.5 चे (पावलाची लांबी, सेंटिमीटरमध्ये), निळे, फक्त 14 दिवस वापरलेले. ऑक्टोबरमध्ये विकायला काढणार आहे.