जुन्या सीबीआर २५० आरचे सस्पेन्शन सहा हजारांत : फोंड्यातील एका गॅरेजमधील कामाचा अनुभव

माझी होंडा सीबीआर २५० आर २०१२ सालची आहे. होंडाने हे मॉडेल भारतात २०११ मध्ये आणले आणि बीएस ६ हे धूर-प्रदूषणाचे नियम लागू झाल्यानंतर ते विक्रीतून गेले, त्यामुळे आज रस्त्यावर दिसणारी प्रत्येक सीबीआर २५० आर ही जुनीच गाडी आहे. इंजिनाबद्दल माझी अजूनही काही तक्रार नाही. मात्र गेल्या दोन वर्षांत ब्रेक लावल्यावर पुढचा भाग जवळजवळ तळाला जाऊन बसत असे, वळणात मधेच खड्डा लागला की गाडी रेषा सोडत असे, आणि फोर्कच्या, म्हणजे पुढच्या शॉकअपच्या, उजव्या नळीवर तेलाची ओली कडा कायमची दिसू लागली होती. परदेशी बनावटीची स्प्रिंग, कार्ट्रिज एम्युलेटर (फोर्कमधील तेलाचा प्रवाह नीट आवरणारी झडप) आणि मागचा नवा शॉक यांची बेरीज केली, तर खर्च गाडीच्या आजच्या किमतीच्या फार जवळ जात होता. म्हणून आहे तेच भाग नीट करून काय साधते हे पाहायचे मी ठरवले आणि गोव्यातील फोंडा शहराबाहेरील एका लहान गॅरेजमध्ये गाडी नेली. त्या कामाचा आणि त्यातून मिळालेल्या फरकाचा हा अभिप्राय आहे.

हे गॅरेज चालवणारे मेस्त्री प्रामुख्याने पायलटांच्या, म्हणजे गोव्यातील मोटरसायकल टॅक्सीवाल्यांच्या, मोटरसायकली दुरुस्त करतात. पिवळ्या मडगार्डच्या या गाड्या दिवसभर प्रवासी घेऊन धावतात आणि त्यांचे शॉकअप इतर कोणत्याही गाडीपेक्षा लवकर जातात, त्यामुळे फोर्क उघडणे हे या माणसाचे रोजचे काम आहे. स्पोर्ट्स गाडी त्यांच्याकडे क्वचित येत असावी. तरीही मी त्यांच्यावर विश्वास ठेवला, कारण स्पॅनर हातात घेण्यापूर्वी त्यांनी मोजपट्टी घेतली.

फोर्कच्या नळीला केबल टाय बांधून त्यांनी तीन मापे काढली : चाक हवेत असताना, गाडी स्वतःच्या वजनावर उभी असताना, आणि मी हेल्मेट व जॅकेटसह बसलो असताना. स्वार बसल्यावर सस्पेन्शन किती खाली बसते त्या मापाला सॅग म्हणतात, आणि रस्त्यावरील वापरासाठी तो एकूण हालचालीच्या पाव ते एक तृतीयांश असावा असा सर्वसाधारण दंडक आहे. या गाडीच्या ३७ मिलिमीटर फोर्कची एकूण हालचाल सुमारे १२ सेंटीमीटर आहे आणि माझा सॅग ४८ मिलिमीटर भरला. म्हणजे मी नुसता बसल्यावरच चाळीस टक्के हालचाल संपत होती, आणि ब्रेक लावल्यावर, उतारावर किंवा खड्ड्यात वापरायला उरत होती ती फक्त बाकीची.

यापूर्वी दुसऱ्या एका गॅरेजने याच तक्रारीवर फोर्कमध्ये दाट तेल भरून दिले होते. त्यांचे बिल मी जपून ठेवले होते. त्यावर २० डब्ल्यू ४० इंजिन ऑइल असे स्पष्ट लिहिलेले आहे. आपल्याकडे ही पद्धत बरीच रूढ आहे आणि तिच्यामुळे गाड्यांचे नुकसान होते, म्हणून याविषयी थोडे सविस्तर लिहितो. मेस्त्रींनी ते बिल पाहून एवढेच म्हटले, "बाब, तेल दाट केले म्हणून स्प्रिंग कडक होत नाही." गाडीचे आणि स्वाराचे वजन स्प्रिंग पेलते, तेल फक्त हालचालीचा वेग आवरते. दाट तेलाने फोर्क सावकाश खाली बसतो, पण शेवटी बसतो तेवढाच. शिवाय या जातीच्या साध्या फोर्कमध्ये तेल ठरावीक आकाराच्या छिद्रांतून ढकलले जाते आणि त्याचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. त्यामुळे सावकाश हालचालीत फोर्क ढिला वाटतो आणि रम्बलरच्या पट्ट्यांवर किंवा खड्ड्याच्या धारदार कडेवर तोच फोर्क एकदम अडकल्यासारखा होतो. दाट तेलाने हा दुसरा दोष आणखी वाढतो. बाणस्तारीच्या पुलाकडे जाताना प्रत्येक सांध्यावर मनगटाला बसणारा झटका मी वर्षभर रस्त्याचा दोष समजत होतो.

फोर्क उघडल्यावर करड्या रंगाचे, कुजकट वासाचे तेल बाहेर आले आणि त्यात ॲल्युमिनियमची बारीक चमक होती. उजव्या बाजूला तेल बरेच कमी होते. तेल आत अडवून ठेवणाऱ्या रबरी सीलच्या ओठाखाली लाल धुळीचा थर बसला होता. चिऱ्याची ही धूळ आणि समुद्राची खारी हवा या दोन गोष्टी गोव्यातील फोर्कच्या मुळावर येतात : धूळ सील कापते आणि खारट ओल क्रोमवर गंजाचे टिपके पाडते. माझ्या नळीवरही दोन टिपके होते, परंतु ते वरच्या क्लॅम्पच्या जवळ, सीलच्या फिरण्याच्या टप्प्याबाहेर असल्याने नळी वाचली. टिपका सीलच्या मार्गात असता, तर नळी बदलणे किंवा पुन्हा हार्ड क्रोम करून घेणे भाग पडले असते आणि स्वस्तात काम होण्याची आशा तिथेच सोडावी लागली असती. जुनी गाडी विकत घेणाऱ्याने नळीवरून नखाचा शेंडा फिरवून हे आधीच तपासावे.

माझी इच्छा स्प्रिंग कापून घेण्याची होती. वेटोळी कमी केली की स्प्रिंग त्याच प्रमाणात कडक होते; चाळीसपैकी आठ वेटोळी काढली तर कडकपणा एक चतुर्थांशाने वाढतो, आणि उरलेली जागा लांब स्पेसरने (स्प्रिंगवर बसणाऱ्या नळीच्या तुकड्याने) भरता येते. मेस्त्रींनी नकार दिला. वेटोळी कमी झाल्यावर उरलेली वेटोळी पूर्ण हालचालीपूर्वीच एकमेकांना भिडू शकतात, आणि एकदा कापलेली स्प्रिंग पुन्हा जोडता येत नाही, असे त्यांचे म्हणणे होते. मला ते पटले. त्याऐवजी त्यांनी बेतोड्याच्या एका लेथवर मूळ स्पेसरपेक्षा १२ मिलिमीटर लांब स्पेसर बनवून घेतले. प्रीलोड, म्हणजे स्प्रिंगला आधीच दिलेला दाब, वाढवल्याने स्प्रिंग कडक होत नाही, गाडीची बैठक तेवढी उंचावते, हे त्यांनी मला काम सुरू करण्यापूर्वीच सांगितले होते. हिशेब अचूक उतरला : सॅग ४८ वरून ३६ मिलिमीटरवर आला.

तेल १० डब्ल्यू दर्जाचे, फोर्कसाठीच बनवलेले घातले. मूळ मापापेक्षा तेलाची पातळी १० मिलिमीटर वर ठेवली. स्प्रिंग काढून, फोर्क पूर्ण दाबून, नळीच्या तोंडापासून तेलापर्यंतचे अंतर मोजून हे केले जाते. नुसते मिलिलिटर मोजून भरल्यास दोन्ही बाजू समान येतीलच असे नाही. वर उरलेली हवा कमी झाली की ती शेवटच्या टप्प्यात हवेच्या स्प्रिंगसारखी जोर धरते आणि फोर्क तळाला आदळत नाही. जोडणीच्या वेळी ॲक्सलचा पकड बोल्ट ढिला ठेवून त्यांनी पुढचा भाग सात-आठ वेळा दाबला आणि मगच तो आवळला. दोन्ही नळ्या एकमेकींना समांतर येण्यासाठी ही अर्ध्या मिनिटाची कृती आवश्यक असते, आणि घाईत बहुतेक ठिकाणी तीच वगळली जाते.

हँडल ज्यावर वळते त्या बेअरिंगच्या कोनसेटमध्ये मधोमध खाच पडलेली होती, तो बदलला. मागच्या बाजूला लिंकेजचे (शॉकला चाकाशी जोडणाऱ्या सांध्यांचे) आणि चिमट्याचे (मागचे चाक धरणाऱ्या दांड्याचे) बेअरिंग उघडले तेव्हा ग्रीसच्या जागी तपकिरी पूड निघाली. ते धुऊन नवे ग्रीस भरले. इतक्या वर्षांत ते एकदाही उघडले गेले नव्हते, याची मला खंत वाटते. मागचा प्रीलोड पाचपैकी दुसऱ्या पायरीवरून चौथ्या पायरीवर नेला.

खर्च असा झाला : सील आणि डस्ट सील ११५०, तेल ८५०, लेथ ३००, पुढची मजुरी १६००, कोनसेट मजुरीसह १२५०, मागचे साफसफाई व ग्रीसचे काम ९००. एकूण ६०५० रुपये.

फरक मला साखळीहून केरीमार्गे चोर्ला घाट चढताना नीट कळला. अंजुणे धरण डाव्या-उजव्या वळणांतून दिसू लागते त्या भागात पूर्वी मी वळणाच्या आत ब्रेकला हात लावायला धजत नसे. आता पुढचा भाग थोडा बसतो, तिथे थांबतो आणि चाकाखालचा रस्ता हँडलमध्ये समजतो. उखडलेल्या डांबरावर झटका पूर्णपणे गेलेला नाही. या बनावटीच्या फोर्कमध्ये तो जाणारही नाही, त्यासाठी एम्युलेटरच लागतो. परंतु गाडी आता झटका घेऊन आपल्या रेषेवर राहते. ग्रीसच्या कामाने मागचे चाक बारीक उंचवट्यांवर इतके मोकळे हलू लागले की नऊशे रुपयांत याहून मोठी सुधारणा या गाडीत होणार नाही असे माझे मत आहे. टायरमधील हवाही मी आता मॅन्युअलप्रमाणे, टायर थंड असताना भरतो, कारण जास्त हवेचा टायर हे सगळे काम झाकून टाकतो.

उणिवाही नोंदवतो. दोन दिवसांचे सांगितलेले काम पाच दिवसांनी मिळाले. गॅरेजमध्ये टॉर्क रेंच नव्हता. मी आग्रह धरल्यावर तो शेजारून आणला गेला. छापील बिल मिळत नाही, वरील आकडे वहीच्या कागदावर लिहून दिले गेले.

मागचा शॉक मात्र सुधारलेला नाही. सीट दाबून सोडली की ती एका झटक्यात वर येते, म्हणजे त्यातील डॅम्पिंग, हालचालीचा वेग आवरण्याची क्षमता, संपले आहे. हा शॉक कारखान्यातच कायमचा बंद केलेला असतो. त्याला भोक पाडून झडप जोडण्याचा आणि कॉम्प्रेसरची हवा भरण्याचा पर्याय काही ठिकाणी सुचवला जातो. त्या हवेत ओल असते, नायट्रोजनची जागा ती घेऊ शकत नाही, आणि उच्च दाबाच्या भागावर केलेले वेल्डिंग मला धोक्याचे वाटते. भंगारातून दुसऱ्या गाडीचा शॉक बसवायचा, तर त्याची लांबी आणि दांड्याची हालचाल दोन्ही जुळायला हवीत, नाहीतर गाडीची मागची उंची बदलून स्टिअरिंग अस्थिर होते. मेस्त्रींनी दोन शॉक मोजून पाहिले आणि दोन्ही परत पाठवले. मूळ बनावटीच्या नव्या शॉकची चौकशी मी केली आहे. त्याची एकट्याची किंमत या संपूर्ण कामापेक्षा जास्त आहे. तो येईपर्यंत मागे कोणाला बसवून घाटात जाणे मी बंद ठेवले आहे, आणि पुढच्या फोर्कचे तेल पावसाळा संपल्यावर पुन्हा उघडून पाहायचे असे आमचे ठरले आहे.